गाढवाचा अभिनय

पडद्यावर पाहिलेला सगळ्यात चांगला अभिनय कुणाचा, असं मला कुणी विचारलं तर गेली काही वर्षं माझं उत्तर ठरलेलं आहे. एका गाढवाचा.

समोरचा आधी हसतो. मग मी हसत नाही हे पाहून गोंधळतो आणि त्याला वाटतं, मी कुठल्यातरी बड्या नटाचा नाव न घेता उद्धार करते आहे. तेव्हा खुलासा करावा लागतो की गाढव म्हणजे गाढवच, चार पायांचं, लांब कानांचं. नाव बाल्थाझार.

रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ओ आझार बाल्थाझार’ १९६६ साली आला. गोष्ट सांगायला दोन मिनिटं पुरतात. खेड्यातली मुलं एक शिंगरू घरी आणतात, लाडाने त्याचा बाप्तिस्मा करतात. मग बालपण संपतं आणि गाढव या मालकाकडून त्या मालकाकडे जात राहतं. एक टवाळ पोरगा त्याला पाव पोचवायच्या कामाला जुंपतो आणि शेपटीला कागद बांधून पेटवून देतो. एक दारुडा शुद्धीत असला की जपतो, पिऊन आला की बडवतो. एक कंजूष व्यापारी उपाशी ठेवून राबवून घेतो. शेवटी चोरट्या मालाचं ओझं पाठीवर असताना सरहद्दीवर गोळी सुटते, आणि सकाळी डोंगरावरच्या कुरणात, गळ्यात घंटा बांधलेल्या मेंढ्यांच्या कळपात बाल्थाझार खाली बसतो. कळप त्याला वेढतो, मग हळूहळू पांगतो. तो उठत नाही.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात. दिवे लागले तरी कुणी उठेना. शेजारचे गृहस्थ चष्मा पुसत होते, आणि पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसत होते. चालत घरी येताना मी रस्त्यात मध्येच थांबले, कारण डोक्यात एक बाळबोध प्रश्न आला होता. त्या गाढवाने केलं काय?

काहीच नाही. ते उभं राहिलं, चाललं, खाल्लं, कान हलवले, पापण्या मिटल्या. ब्रेसाँना मुळात शिकवून तयार केलेलं जनावर नकोच होतं. ‘गाढवापुढे वाचली गीता’ असं आपण म्हणतो. इथे गीता आम्ही प्रेक्षकच वाचत होतो, आणि ती गाढवाच्या तोंडावर लिहिलेली आहे अशी आमची पक्की समजूत होती.

मधे एक प्रसंग आहे. बाल्थाझार सर्कशीत कामाला लागतो. चाऱ्याची गाडी ओढत तो पिंजऱ्यांपुढून जातो. वाघ त्याच्याकडे बघतो, तो वाघाकडे बघतो. मग पांढरं अस्वल. मग माकड. मग हत्तीचा सुरकुत्यांत बसवलेला डोळा. संवाद नाही, संगीत नाही. दरवेळी मला वाटतं की इथे काहीतरी बोलणं झालं आणि मी सोडून सगळ्यांना ते कळलं. खरं तर तो वाघ आणि ते गाढव चित्रीकरणाच्या वेळी समोरासमोर असण्याचीसुद्धा गरज नव्हती. वाघाचं चित्र, गाढवाचं चित्र, मधे कात्री. नजरानजर झाली ती माझ्या डोक्यात.

हे कसं होतं, याचा माग काढायचा तर शंभर वर्षं मागे, मॉस्कोत जावं लागतं. लेव्ह कुलेशोव्ह तेव्हा जेमतेम विशीत होता. क्रांती नुकतीच होऊन गेलेली, यादवी चाललेली, कोरी फिल्म मिळायची मारामार. मग तो आणि त्याचे विद्यार्थी जुन्या चित्रपटांचे तुकडे कापून वेगळ्या क्रमाने जोडत बसत. घरात नवं कापड नसलं की जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात, तसं. त्यांच्या हाती इव्हान मोझ्झुखिनचा एक तुकडा होता. हा झारच्या काळातला मोठा तारा. तुकड्यात तो नुसता बघत होता, चेहऱ्यावर विशेष काही नाही. कुलेशोव्हने तो तुकडा एकदा सूपच्या वाडग्यापुढे जोडला, एकदा शवपेटीतल्या बाईपुढे, एकदा खेळण्याशी खेळणाऱ्या छोट्या मुलीपुढे. त्याचा शिष्य पुदोव्हकिन, जो पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला, त्याने लिहून ठेवलं आहे की प्रेक्षक मोझ्झुखिनच्या अभिनयावर फिदा झाले. सूपकडे बघताना काय विचारात हरवलाय, मृत बाईकडे बघताना काय दुःख, मुलीकडे बघताना काय कोवळं हसू! चेहरा मात्र तिन्ही वेळा तोच, तसूभरही न बदललेला.

आल्फ्रेड हिचकॉकने १९६४ मध्ये एका मुलाखतीत हाच खेळ स्वतःवर करून दाखवला. तो बघतो, मग तान्ह्या बाळाला घेतलेली आई दिसते, मग तो हसतो. प्रेमळ म्हातारा. आता आईच्या जागी बिकिनीतली तरुणी ठेवा, बाकी सगळं तसंच. चावट म्हातारा. हिचकॉकला यात भलताच आनंद झालेला दिसतो.

गोष्ट इतकी सुबक असली की मला जरा शंका येते. कुलेशोव्हच्या प्रयोगाची मूळ फिल्म आज उपलब्ध नाही, आणि त्यात नेमकी कोणती दृश्यं होती याच्या हकिकतीही एकमेकींशी जुळत नाहीत. १९९२ मध्ये दोन अमेरिकन अभ्यासकांनी प्रयोग नव्याने करून पाहिला, तेव्हा बहुतेक प्रेक्षकांनी चक्क सांगितलं की नटाच्या चेहऱ्यावर काही भाव नाही. पुढच्या काही प्रयोगांमध्ये परिणाम दिसला. म्हणजे जादू आहे, पण कुठल्याही ठोकळ्याला लावली की चालते अशी नाही. प्रेक्षकाला आधी त्या चेहऱ्यात शिरायची इच्छा व्हावी लागते. गोष्ट हवी, वेळ हवा, थोडी माया हवी. बाल्थाझारच्या वेळी आमच्या पदरात हे सगळं दीड तासात घातलं गेलं होतं.

हॉलिवुडमध्ये हे गुपित एका दिग्दर्शकाने सगळ्या जगासमोर वापरलं. १९३३चा ‘क्वीन ख्रिस्तिना’. राणीने प्रेमासाठी सिंहासन सोडलं आहे, प्रियकर जहाजावर मरून पडला आहे, जहाज किनाऱ्यावरून सुटलं आहे. राणी झालेली ग्रेटा गार्बो नाळेवर जाऊन उभी राहते. कॅमेरा जवळ, आणखी जवळ, चेहऱ्याने पडदा भरेपर्यंत जातो. वाऱ्याने केस हलतात, ती पापणीही लववत नाही. लोकांनी त्या चेहऱ्यात शोक पाहिला, धैर्य पाहिलं, वैराग्य पाहिलं. दिग्दर्शक रुबेन मामुलियनने पुढे सांगितलं की त्याने गार्बोला कसलाच विचार करू नकोस असं बजावलं होतं. चेहरा कोरा कागद हवा, लिहायचं काम प्रेक्षक करतील.

माझ्या मावशीला हे मुळीच पटत नाही. मावशीने तरुणपणी साताऱ्यात हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं कामं केली, राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं केली, पंचविशीत सासवा रंगवल्या. “अगं, काहीच करायचं नाही म्हणजे काय? शेवटच्या रांगेतल्या माणसानेही तिकिटाचे पैसे दिलेले असतात.”

मावशीचं बरोबर आहे, पण तिचा हिशेब तिच्या थिएटरचा आहे. अंतराचा विचार करा. ऐंशी फुटांवर बसलेल्या प्रेक्षकाला नटाचा चेहरा केवढा दिसतो? हात लांब करून बोटांत धरलेल्या वाटाण्याएवढा. त्या वाटाण्यावरचं दुःख पोचवायचं तर आवाज लागतो, खांदे लागतात, अख्खं अंग लागतं. आता सिनेमाचं थिएटर घ्या. वीस फूट उंच पडदा, त्यावर हनुवटीपासून कपाळापर्यंत एकच चेहरा. माणसाचा चेहरा साधारण नऊ इंचांचा धरला तर तो सव्वीस-सत्तावीस पटींनी मोठा झाला. पापणी दोन मिलिमीटर हलली तर पडद्यावर दोन इंच हलते. ज्या माध्यमात पापणी दोन इंच हलते, तिथे नाटकातला हातवारा केला तर घर कोसळल्यासारखं वाटणारच. मावशीचा वाटाणा आणि गार्बोचा डोंगर, दोन्हीकडे नट एकच काम करतो आहे: भाव बघणाऱ्याच्या मापाचा करून देतो आहे.

पण मग मावशी म्हणेल (म्हणालीच), की मग हा चेहऱ्याचा डोंगर रिकामाच ठेवायचा का? इथे मला फाल्कोनेटीकडे जावं लागतं, आणि माझाच सिद्धांत डळमळतो.

कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाने १९२८ मध्ये फ्रान्समध्ये ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ हा मूकपट केला. जोनवरचा खटला आणि तिला जाळणं, एवढाच विषय. त्यासाठी मोठा खर्च करून भिंती-बुरूज असलेला सेट उभारला, आणि पडद्यावर तो नीटसा दिसतसुद्धा नाही, कारण ड्रायर चेहऱ्यांवरून हलतच नाही. जोनचं काम रने फाल्कोनेटी या नटीने केलं, जी तोवर पॅरिसच्या रंगभूमीवर हलक्याफुलक्या भूमिकांसाठी ओळखली जाई. मेकअप नाही. केस खरोखर कापले. नंतर ती पुन्हा रंगभूमीकडे गेली, १९४६ मध्ये ब्वेनोस आयरेसला वारली. सिनेमात तिचं नाव या एका भूमिकेवर उभं आहे.

मेकअप नाही, ही बाब त्या वेळी धाडसाची होती, आणि त्यामागे रसायनशास्त्र होतं. आधीच्या काळात सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला आंधळी असे. गालावरची लाली, मुरमाचा डाग, ओठ, सगळं काळपट उमटायचं. म्हणून नटनट्यांच्या तोंडाला जाड थर थापावा लागे. विसाच्या दशकात पॅनक्रोमॅटिक फिल्म वापरात येऊ लागली, जिला सगळे रंग कळत. ड्रायरने ती घेतली आणि चेहऱ्यावरचा गिलावा काढून टाकला. त्यामुळे फाल्कोनेटीच्या चेहऱ्यावर आपल्याला जे दिसतं ते त्याआधी फारशा प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिलेलंच नव्हतं: कातडी. फुटलेले ओठ, ठिपके, डोळ्यांच्या कडांना साचून मग घरंगळणारं पाणी.

आणि इथे मला भरतमुनी आठवतात. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. अंगाने करायचा आंगिक, वाणीने करायचा वाचिक, वेशभूषा-रंगभूषेचा आहार्य, आणि चौथा सात्त्विक. हा चौथा सगळ्यात अवघड, कारण तो मनातून शरीरावर आपोआप उमटावा लागतो. त्याचे आठ भाव आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे अंग गोठणं, घाम फुटणं, काटा येणं, आवाज फाटणं, कापरं भरणं, रंग उडणं, डोळे भरून येणं आणि शुद्ध हरपणं. आता सांगा, यातला रोमांच ऐंशी फुटांवरून कुणाला दिसणार? वैवर्ण्य तर ती जुनी फिल्मसुद्धा धड टिपू शकत नव्हती. सात्त्विक अभिनयासाठी एक यंत्र हवं होतं, ते शेकडो वर्षांनी तयार झालं आणि फाल्कोनेटीच्या चेहऱ्यापुढे ठेवलं गेलं, असं मी एकदा मावशीला रंगात येऊन म्हटलं.

“मुनींना यात ओढू नकोस,” मावशी म्हणाली. पण आठ भाव तिने पुन्हा एकदा म्हणून घेतले.

या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह प्रदर्शनाच्याच वर्षी बर्लिनच्या प्रयोगशाळेत जळाली. ड्रायरने उरलेल्या, न वापरलेल्या तुकड्यांमधून दुसरी आवृत्ती जुळवली. तिचीही निगेटिव्ह जळाली. जाळून मारलेल्या मुलीचा चित्रपट दोनदा जळतो, हे कुणी पटकथेत लिहिलं असतं तर मी पान मिटवून ठेवलं असतं. मग १९८१ मध्ये नॉर्वेत, ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात काही डबे सापडले, आणि त्यात निघाली पहिल्या आवृत्तीची धडधाकट प्रत. आज आपण जोनचे डोळे बघतो ते त्या कपाटाच्या कृपेने.

तर एका टोकाला काही न करणारं गाढव आणि कोरी गार्बो, दुसऱ्या टोकाला सगळं उघडं टाकणारी फाल्कोनेटी. बराच काळ मला वाटायचं की यातलं एक खरं आणि दुसरं चमत्कारिक. मग पापण्यांची गोष्ट वाचनात आली.

वॉल्टर मर्च हा अमेरिकन संकलक. फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) या चित्रपटाचं संकलन तो करत होता. नायक जीन हॅकमन, दुसऱ्यांची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करणारा एकलकोंडा माणूस. मर्च दृश्य बघत जायचा आणि इथे कापावं असं वाटलं की यंत्र थांबवायचा. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की तो जिथे कापतो आहे, त्याच्या अगदी आसपास हॅकमनची पापणी मिटते आहे. पुन्हा पुन्हा. मर्चने त्यावरून अंदाज बांधला की माणूस पापणी केवळ डोळा ओला ठेवायला मिटत नाही. एक विचार संपला, दुसरा सुरू झाला की मिटतो. पापणी म्हणजे मनाचं विरामचिन्ह. हॅकमन त्या एकलकोंड्या माणसाचा विचार खरोखर करत होता, त्याचे विचार जिथे संपत तिथे पापणी मिटत होती, आणि टेबलाशी बसलेला मर्च त्याच्याबरोबर विचार करता करता तिथेच थांबत होता.

मर्चचा हा तर्क सुंदर आहे, पण पुढची गोष्ट आणखी थक्क करणारी. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी काही लोकांना मिस्टर बीनच्या चित्रफिती दाखवल्या आणि त्यांच्या पापण्या मोजल्या. सगळे साधारण एकाच वेळी पापण्या मिटत होते. एखादी कृती संपली, पात्र नजरेआड झालं, म्हणजे गोष्टीने क्षणभर श्वास घेतला की प्रेक्षकांच्या पापण्या मिटत. त्याच लोकांना नुसती निसर्गदृश्यं दाखवली तर तसा मेळ दिसला नाही, नुसती गोष्ट ऐकवली तेव्हाही नाही. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. दोन तासांच्या चित्रपटात त्याची बेरीज पाच-सहा मिनिटांच्या अंधारावर जाते. तेवढा चित्रपट आपण कुणीच पाहिलेला नसतो. पण काय पाहायचं नाही, हे आपण अनोळखी शेजाऱ्यांसह एकमताने ठरवतो.

त्या संध्याकाळी चष्मा पुसणारे ते गृहस्थ आणि मी, आम्ही दीड तास एका तालात पापण्या मिटत बसलो होतो की काय, या कल्पनेने मला अजून हसू येतं.

मग हॅकमनने ‘काही केलं नाही’ असं कसं म्हणायचं? त्याने विचार केला. कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. ब्रेसाँना तेही नको होतं. माणसांकडून काम करून घेताना ते नवखी माणसं घेत, त्यांना नट न म्हणता ‘मॉडेल’ म्हणत, आणि एकेक हालचाल इतक्या वेळा करायला लावत की त्यातला ‘आता मी दुःखी दिसतो’ हा हेतूच झडून जावा. माणूस मोठ्या कष्टाने जिथे पोचतो तिथे गाढव जन्मतःच उभं असतं. मला हे ब्रेसाँचं थोडं अतीच वाटतं. सगळ्यांनी असे चित्रपट केले असते तर मी सिनेमा सोडून भरतकाम शिकले असते.

इराणच्या अब्बास किआरोस्तामींनी हाच डाव जास्त खट्याळपणे खेळला. त्यांच्या ‘टेस्ट ऑफ चेरी’ला १९९७ मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं. मरायचं ठरवलेला एक माणूस तेहरानबाहेरच्या टेकड्यांवरून मोटार फिरवतो आणि आपल्यावर माती लोटायला कुणी तयार आहे का, ते विचारतो. नायक हुमायूं इर्शादी पेशाने वास्तुविशारद. किआरोस्तामींना तो रहदारीत स्वतःच्या मोटारीत बसलेला दिसला. चित्रपटभर तो शेजारी बसलेल्या माणसांशी बोलतो, आणि आपण त्या दोघांमधला ताण अनुभवतो. प्रत्यक्षात ती माणसं एकमेकांशेजारी बसलेलीच नव्हती. नायकाचं चित्रण होताना शेजारच्या आसनावर किआरोस्तामी होते, प्रवाशाचं चित्रण होताना चालकाच्या आसनावरही तेच. दोन एकट्या माणसांची गाठ कात्रीने घालून दिली.

आणि ‘शिरीन’ (२००८). हा मी मैत्रिणींना दाखवला आणि दोघी झोपल्या, तरी सांगते. चित्रपटभर फक्त प्रेक्षागृहात बसलेल्या बायकांचे चेहरे आहेत. त्या खुस्रो-शिरीनची प्रेमकथा बघताहेत. आपल्याला तो चित्रपट ऐकू येतो, दिसत कधीच नाही. शंभराहून जास्त इराणी अभिनेत्री, आणि त्यांच्यात डोक्यावरून ओढणी घेतलेली ज्युलिएत बिनोश. कुणाचे डोळे भरतात, कुणी ओठ चावते, कुणी ओढणी सारखी करते. मी पहिल्यांदा बघताना शिरीनच्या दुःखाने रडणाऱ्या या बायकांबरोबर रडायच्या बेतात होते. मग कळलं की त्यांच्यासमोर चित्रपट नव्हताच. प्रेक्षागृहही नव्हतं; किआरोस्तामींच्या घरी थोड्या खुर्च्या मांडून चित्रण झालं. बायका आपापल्या मनातलं काहीतरी आठवत होत्या, आणि खुस्रो-शिरीनची कथा किआरोस्तामींनी त्यावर नंतर बसवली. म्हणजे मोझ्झुखिनचा वाडगा, पण शंभर चेहऱ्यांवर आणि दीड तास. फरक एकच, आणि तो मला मोठा वाटतो. हे चेहरे कोरे नव्हते. प्रत्येकीचं रडणं खरं होतं. फक्त कशासाठी, ते तिचं तिलाच ठाऊक.

या सगळ्यात कात्रीला फार भाव दिला जातो आहे, असं कुणाला वाटेल. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ आठवावा. २०१४ मध्ये व्हेनिसला पदार्पणाच्या चित्रपटाचं पारितोषिक मिळवलेला हा मुंबईचा चित्रपट. त्यात कॅमेरा लांब, खिळून उभा, आणि कापाकापी अगदी कमी. शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार, जे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी कायद्याची कलमं अशा सुरात वाचतात की जणू किराणा मालाची यादी चालली आहे. मग लोकलने घरी जातात, स्वयंपाकाला लागतात. इथे भाव डोळ्यांत नाही, त्या कंटाळलेल्या सुरात आहे. एका माणसाचं आयुष्य त्या सुरात वाचलं जातंय, हे आपल्यालाच उठून सांगावंसं वाटतं.

मावशीला अखेर मी पेचात पकडलं ते ओझूंच्या ‘टोकियो स्टोरी’ने. गेल्या वर्षी ती आठवडाभर माझ्याकडे राहायला आली होती. काका गेल्यापासून ती कुठे फारशी राहत नाही. दुपारी लावला. “खालची अक्षरं फार पळतात,” अशी सुरुवातीला तक्रार झाली, मग थांबली.

१९५३चा हा चित्रपट. ओनोमिची गावातले म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे जातात. मुलं वाईट नाहीत, कामात आहेत. आई-वडलांची खरी विचारपूस करते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको. परत आल्यावर म्हातारी वारते. बस्स. यासुजिरो ओझूंचा कॅमेरा जवळजवळ जमिनीलगत, जपानी घरात चटईवर बसलेल्या माणसाच्याही नजरेखाली. बोलणारा माणूस जवळपास आपल्याकडेच बघून बोलतो. त्यामुळे सेत्सुको हाराची नोरिको हसते तेव्हा ती माझ्याकडे बघून हसते, आणि ते हसू मला सहन होत नाही. धाकटी नणंद तिला विचारते, आयुष्य निराशच करतं ना? आणि नोरिको त्याच हसऱ्या चेहऱ्याने हो म्हणते.

“रडत का नाही ही?” मावशी पुटपुटली.

मी तिला नो नाटकातल्या मुखवट्यांबद्दल सांगितलं. लाकडाचा कोरलेला चेहरा, त्यात काही बदलणं शक्यच नाही. पण नट मुखवटा किंचित वर उचलतो तेव्हा त्यावर उजेड पडून तो उजळतो, त्याला ‘तेरासु’ म्हणतात; किंचित खाली झुकवला की सावली पडून मळभ येतं, ते ‘कुमोरासु’. लाकूड तेच. मावशीने टीव्हीवरची नजर न काढता मान आधी वर, मग खाली करून पाहिली.

म्हाताऱ्याचं काम चिशू र्यूचं. ओझूंच्या बहुतेक चित्रपटांत तो आहे. बायको वारली त्या पहाटे तो घरात नसतो. नोरिको शोधायला जाते तर तो बाहेर एकटा उभा आहे. तो सांगतो, पहाट सुंदर झाली. आणि मग, आजही उकडणार. एवढं बोलून घराकडे वळतो. चेहऱ्यावर काही नाही, आवाजात काही नाही. मला दरवेळी इथे खुर्चीचा हात धरावा लागतो. काका गेले त्या पहाटे मावशीने आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न होता, दूध आलं का?

चित्रपट संपला. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग नटी म्हणून तिची चौकशी सुरू झाली. म्हाताऱ्याचं वय काय असेल? मी सांगितलं, एकोणपन्नास. पडद्यावरच्या बायकोपेक्षा चौदा वर्षांनी लहान, आणि थोरला मुलगा झालेला नट त्याच्यापेक्षा जेमतेम सहा वर्षांनी लहान. मावशीला हे खरंच वाटेना. तिने शेवटचा भाग पुन्हा लावायला सांगितला आणि तो बसतो कसा, उठतो कसा, पंखा किती सावकाश हलवतो, हे डोळे बारीक करून पाहिलं. “आम्ही केसांना पावडर लावायचो नुसती,” ती म्हणाली. “आणि खोकायचो.”

मी चहा टाकायला उठले. स्वयंपाकघरातून पाहिलं तर टीव्ही बंद झाला होता आणि मावशी खिडकीशी उभी होती, पाठमोरी.

“आज उकडतंय फार,” ती म्हणाली आणि पदराने वारा घेऊ लागली.

पुण्यातला डिसेंबर होता.